पोहऱ्यातला खोकला

मुहू बेटावरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या हिल्लेने
पाकिटातून मेमरी कार्ड पाठवलं,
सोबत चार ओळी.
तुमच्या यंत्रात मी एकटा ऑर्गन भरते.
परत ऐकताना तिसऱ्या कडव्यात एव्हाल्ड खोकतो.
एव्हाल्ड आमच्याकडे घंटा वाजवतो, माणूस चांगला आहे,
पण त्या कडव्यात तो नव्हता.

तार्तूत, नदीकाठच्या बंद पडलेल्या सूतगिरणीत,
दुसऱ्या मजल्यावर
लेलोने हेडफोन कानावर चढवले.
सूर, सूर, सूर,
आणि मग खो
अर्धाच.
दोन्ही कडांना सरळ कापलेला,
वर्तमानपत्रातून कातरून चिकटवावा तसा.
आडात नाही ते पोहऱ्यात आलं कुठून?

तिने तो अर्धा खोकला मोजला.
आठ हजार एकशे ब्याण्णव नमुने,
ना एक कमी, ना एक जास्त.
माणूस असं मोजून खोकत नाही.
असं मोजून फक्त बफर भरतो.

यंत्रात बफर सोळाच.
सोळा ताटं, आणि पंगत उठायचं नाव घेत नाही.
तिला वाटलं, ताट खरकटं राहत असणार.
म्हणून पुढच्याला देण्याआधी
प्रत्येक ताट शून्यांनी घासून लख्ख केलं.
खोकला गेला.
त्याच्या जागी भोक पडलं.
तिसऱ्या कडव्यात आता कोणीच नव्हतं,
ऑर्गनसुद्धा.

तार्मो म्हणाला, निदान खोकला तरी गेला ना.
लेलोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
खिडकीबाहेर नदीवर बर्फाची साय धरत होती,
खाली पाणी चाललेलंच होतं.

चौथ्या रात्री, पावाचा तुकडा तोंडात तसाच धरून
ती थांबली.
दोष घासण्यात नव्हताच.
जेवणाऱ्याचा शेवटचा घास अजून हातात होता
आणि वाढप्याने ताट उचललं होतं.
उचललं, शेजारच्या माइकपुढे मांडलं,
तो माइक हिल्ले बंद करायला विसरते,
आणि त्याच्या समोर, बाकावर,
एव्हाल्ड.

दुरुस्ती म्हणाल तर एक ओळ.
नवी लिहिलेलीही नाही,
होती तीच सात ओळी खाली सरकवली.
ताट मोकळं झालं असं सांगायचं ते
जेवणारा उठल्यावर.
एवढ्यासाठी चार रात्री
आणि तार्मोच्या आईने पाठवलेला राईचा अख्खा पाव.

मग तिने प्रत्येक बफरच्या कपाळावर आकडा लिहिला,
वाचणाऱ्याला बजावलं, आकडा पाहा, मगच तोंड उघड.
एका वाटेने एकच सूर सोडला,
दुसऱ्या वाटेने तार्मोचा आवाज,
वीजबिलाच्या मागचे नियम वाचणारा,
रात्रभर, न थकता, पुन्हा पुन्हा.
सकाळी चुका शून्य.

शून्यावर तिचा भरवसा नाही.
शून्य काय, वायर निघालेलं यंत्रही देतं.
तिने ती ओळ उचलून परत वर नेली,
मुद्दाम, जिथे चुकलं होतं तिथेच.
अकराव्या मिनिटाला पडदा लाल.
तेव्हा कुठे ती हसली.
ही चाचणी नंदीबैल नव्हती.

ओळ पुन्हा खाली आणली.
तीन दिवस, तीन रात्री हिरवं.
तार्मोला आकडे पटत नाहीत,
त्याने डोळे मिटून सगळी तिसरी कडवी ऐकली
आणि म्हणाला, हं.

हिल्लेचं उत्तर वसंतात आलं.
सगळं ठीक आहे.
एव्हाल्ड विचारतो,
माझ्या खोकल्याचं तुम्ही काय केलंत?

जपून ठेवलाय.
फाइलला नाव त्याचंच.
रोज रात्री गिरणीतले दिवे मालवले की
शेल्फवरच्या बारा यंत्रांपुढे
एव्हाल्ड दुसऱ्या माइकवर मनसोक्त खोकतो.
सकाळी लेलो येते, कोट न काढताच
तिसरं कडवं लावते,
आणि तो तिथे नाही याची
खात्री करून मग चहा टाकते.